ज्याची भिंत, त्याची सफाई

जुन्नरच्या पेठेत सुगनचंद शेटांइतका शहाणा माणूस नाही, असं खुद्द सुगनचंद शेटांचं ठाम मत होतं. आणि त्यांच्याकडे पुरावाही होता! म्युनिसिपालिटीत मेंबर झाल्याबरोबर पहिल्याच सभेत त्यांनी एक नियम पास करून घेतला होता. ज्याची भिंत, त्याची सफाई! भिंतीवर कुणीही काहीही खरडो, पुसायचं मालकानं. तेही नोटीस मिळाल्यापासून एका दिवसात. नाही पुसलं, तर ते मालकानंच लिहिलं असं धरून पोलिसांत कळवायचं.

"पण शेटजी, लिवणारा दुसराच असंल तर?" एका मेंबरानं भीत भीत विचारलं.

"मालक झोपा काढतो म्हणून लिहिणाऱ्याचं फावतं!" शेटजींनी टेबलावर थाप मारली. नियम पास!

आतली गोष्ट वेगळीच होती. समोरच्या फतेचंदच्या भिंतीवर तमाशावाले आपल्या खेळाच्या जाहिराती रंगवून जायचे. हा नियम झाला आणि बिचारा फतेचंद दोन दिवस शिडीवर चढून भिंत घासत बसला. सुगनचंद शेट आपल्या गादीवर सुपारी कातरत ती मजा बघत होते. एवढं सुख त्यांना लग्नातही झालं नव्हतं!

ही गोष्ट १९०८ सालची. स्वदेशीचं वारं तेव्हा पुण्याहून जुन्नरपर्यंत येऊन पोहोचलं होतं. एका सकाळी शेटजी जैन मंदिरातून दर्शन घेऊन परतले, तर त्यांच्या दुकानाच्या भिंतीपुढे ही गर्दी! शेटजी पुढे घुसले आणि त्यांच्या हातातली पूजेची वाटी खाली पडली. भिंतीवर डांबरानं, हातहात उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं:

विलायती साखर विकणारा गाढव!

विलायती साखर अख्ख्या पेठेत एकाच दुकानात मिळायची. कोणत्या, ते सांगायला नको.

गाढव म्हटल्याचं शेटजींना फारसं वाटलं नाही. घरात त्याची सवय होती. पण विलायती मालाविरुद्ध लिहिणं म्हणजे सरकारविरुद्ध लिहिणं! आणि त्या साली सरकारविरुद्ध लिहिणाऱ्याला सरकार कुठे कुठे पाठवतं, त्याच्या बातम्या रोज कानावर येत होत्या. तेवढ्यात म्युनिसिपालिटीचा शिपाई गेणभाऊ कागद घेऊन हजर झाला.

"शेटजी, नोटीस घ्या. उद्या सकाळच्याला गोरा सायेब येतोय. लेण्याद्रीला जायाची वाट तुमच्या दारावरनंच हाय. त्याच्या आदी भिंत साफ पायजे."

"अरे गेणभाऊ, मी मेंबर!"

"म्हणून तर तुमच्याकडं आदी आलो. नियम तुमचाच न्हवं?"

समोरच्या दुकानात फतेचंद सुपारी कातरत बसला होता.

शेटजी घरात गेले आणि धाडकन जमिनीवर बसले. त्यांच्या पत्नी धापूबाई डाळ निवडत होत्या.

"अगं, मला काळ्या पाण्यावर पाठवणार!"

"तिथं जेवायला कधी देतात?" धापूबाईंनी पहिला प्रश्न विचारला.

"दिवे लागल्यावर देत असतील!"

"अरे देवा! सूर्य मावळल्यावर? आणि त्यात कांदा असला तर? धर्म बुडाला की हो!"

"आणि फाशी दिली तर?"

"मग जेवणाचा प्रश्नच नाही," धापूबाई सुस्कारा सोडून म्हणाल्या.

शेटजींना दरदरून घाम फुटला. पण भीतीसारखा कामाला लावणारा मुकादम नाही! त्यांनी चुन्याची घमेली कालवली. जीवहत्या नको म्हणून पाणी तीनदा गाळून घेतलं आणि स्वतः कुंचला हाणला. भिंत पांढरीशुभ्र झाली. शेटजींच्या जिवात जीव आला. पण चुना वाळत गेला तशी आतून आधी पिवळी, मग तपकिरी, मग काळी अक्षरं वर येऊ लागली. दुसरा हात दिला, तरी तेच. तिसरा दिला. डांबर काही दबेना! आधी मळकट भिंतीवर अक्षरं जवळ जाऊन वाचावी लागत होती. आता पांढऱ्याफेक भिंतीवर ती पार चौकातून दिसत होती.

दुपारी शेटजींनी सोपान पाथरवटाला हाताला धरून ओढत आणलं. सोपाननं भिंतीवर बोट फिरवलं.

"डांबार आत मुरलंय, शेटजी. टाकीनं काढाया लागंल."

"काढ बाबा! पण जिथं काळं आहे तेवढंच काढ. बाकी भिंतीला ओरखडा नको, तीन हात चुना दिलाय!"

शेटजी आत जाऊन नवकार मंत्र म्हणत बसले. बाहेर तासभर टाकी-हातोड्याची ठकठक चालली होती. प्रत्येक ठोक्याला त्यांना पायात बेडी ठोकल्यासारखं वाटत होतं. ठकठक थांबली. शेटजी बाहेर आले.

डांबराचा कण शिल्लक नव्हता. सोपाननं सांगितल्याबरहुकूम काळं तेवढंच काढलं होतं आणि भिंतीत बोटभर खोल कोरलं गेलं होतं: विलायती साखर विकणारा गाढव!

"सोपान! हे काय केलंस?"

"का वं? झ्याक आलंय की!" सोपान दोन पावलं मागं सरून डोळे बारीक करून बघत होता. "गाढवाचा काना वाकडा व्हता, तेवढा सरळ केला. त्येचं काय देऊ नगा."

शेटजींना भोवळ आली. डांबर निदान कधीतरी उन्हापावसानं गेलं असतं! हे तर नातवंडं-पतवंडं वाचतील! आता दिवस कलला होता आणि जेवणाची वेळही टळून चालली होती. शेवटी धापूबाईंनीच तोड काढली. गोठ्यातलं शेण काढायला सरूबाई यायची. तिला गोवऱ्या थापायला सांगू. गोवऱ्यांनी भरलेल्या भिंतीकडे कुठला साहेब बघतो?

शेटजींनी सरूबाईला बजावलं, "एकही अक्षर दिसता कामा नये!"

"दिसलं तर नाव सांगनार न्हाई!" सरूबाई म्हणाली. पण गोठ्यात शेण निघालं दोनच पाट्या. तेवढ्यात अख्खी भिंत कशी भरायची? सरूबाई शहाणी बाई. वाचता येत नसलं, तरी खाचा दिसत होत्या. तिनं एक चिमूटही वाया न घालवता नेमक्या खाचांवरच गोवऱ्या थापल्या. वेलांटीला वेलांटीसारखी, काना असेल तिथे उभी. उद्गारचिन्हालासुद्धा एक लांबट आणि खाली एक गोल!

सकाळी शेटजी दार उघडून बाहेर आले, तर अक्षरं भिंतीतून चार बोटं पुढे आली होती! आंधळ्यानं हात फिरवला असता, तर त्यालाही वाचता आली असती. शेटजींनी धोतर खोचलं आणि दोन्ही हातांनी गोवऱ्या ओरबाडायला सुरुवात केली. गोवऱ्या निघाल्या, पण खाचांतलं शेण खाचांतच गच्च बसलं. पांढऱ्या भिंतीवर हिरवीकाळी, कोरीव, ठसठशीत अक्षरं! आणि तेवढ्यात घोड्याच्या टापा वाजल्या.

आता पळायला वेळ नव्हता. शेटजींनी भिंतीला पाठ लावली, हात पसरले आणि जमेल तेवढी भिंत झाकली. झाकून झाकून एक माणूस किती झाकणार? त्यांचं पागोटं नेमकं 'गाढव' या अक्षरांखाली आलं होतं. गर्दीत कुणीतरी खुसखुसलं. शेटजींना वाटलं, आपला देह इथेच पडावा, म्हणजे तुरुंगात जायला नको.

साहेब घोड्यावरून उतरला. हा नुकताच विलायतेहून लेण्यांची पाहणी करायला आला होता आणि त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं; पण शेटजींच्या लेखी सगळे गोरे साहेब सारखेच, सगळे फाशी देणारे! साहेबानं त्यांना हातानं बाजूला सारलं, डोळ्यांवर काच लावली आणि कोरलेल्या खाचेतून हलकेच बोट फिरवलं. मग ते बोट नाकाशी नेलं. पेठेनं श्वास रोखला. साहेबानं रुमाल काढून बोट पुसलं आणि सोबतच्या कारकुनाला इंग्रजीत काहीतरी विचारलं.

कारकून भगवंतराव वाचू लागले आणि त्यांचा चेहरा भिंतीहून पांढरा पडला. रस्त्याची पाहणी काल त्यांनीच करायची होती आणि ती त्यांनी घरी पडूनच केली होती! त्यांनी इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली. साहेब चक्क हसला! शेटजींच्या खांद्यावर थोपटून, भगवंतरावांना चार शब्द सांगून तो घोड्यावर बसला.

"काय झालं हो भगवंतराव? किती वर्षांची झाली?" शेटजी ओरडलेच.

"हळू बोला! मी सांगितलंय, जुन्नरकर साहेबांचं स्वागत करतात असं लिहिलंय. साहेब लई खूश. म्हणाला, अशी कोरीव अक्षरं हल्ली कोण खोदतो? जपून ठेवा. तो दर साली येणार आहे. अक्षर बुजलं, तर जबाब मालकाला द्यावा लागेल."

"पण राव, मी जन्मभर माझ्याच भिंतीवर गाढव…"

"गाढव की काळं पाणी?"

"गाढव!" शेटजी तत्काळ म्हणाले.

विलायती साखर त्याच दिवशी बंद झाली. भिंत मात्र राहिली. दर दिवाळीला शेटजी शिडी लावून भिंतीला चुना देत आणि खाचांत काजळी भरत. म्युनिसिपालिटीत तशी नोंदच झाली होती, आणि ठराव मांडला होता नव्यानं मेंबर झालेल्या फतेचंदनं!

अशाच एका दिवाळीत, लोणीचा रखमाजी नावाचा शेतकरी पहिल्यांदाच पेठेत आला होता. अक्षरशत्रू माणूस. शिडीखाली उभा राहून बराच वेळ तो कौतुकानं वर बघत राहिला.

"शेटजी, काय लिवलंय वं?"

शेटजींनी इकडे तिकडे पाहिलं. "साहेबांचं स्वागत आहे."

"आसं व्हय!" रखमाजी म्हणाला. "पुण्यात दुकानावर मालकाचं नाव लिवत्यात म्हणं. मला वाटलं, तुमचंच नाव हाय."

उद्गारचिन्हाखालचा ठिपका भरायचा राहिला होता, तेवढा शेटजींनी भरून घेतला.