डोळे मिटून फोटो

उरणच्या हिराजीमामांनी जन्मभर लोकांना "डोळे मिटू नका" असं बजावलं आणि प्रत्येक फोटो स्वतःचे डोळे घट्ट मिटून काढला. अजूनही तसाच काढतात. फक्त आता समोर नवरा-नवरी नसतात, फुलपाखरं असतात.

लोक लग्नाचे फोटो मोबाईलवर काढायला लागले तेव्हा मामांनी स्टुडिओ बंद केला आणि आतल्या खोलीत बाग केली. छपराचे दोन पत्रे काढून जाळी ताणली, कुंड्यांत लिंबू, कढीपत्ता, रुई, सदाफुली लावली. काश्मीरचा रंगवलेला पडदा मात्र भिंतीवर तसाच ठेवला. त्यातल्या गुलाबावर एखादं फुलपाखरू जाऊन बसलं की मामा वैतागतात. "आलं परत फसायला. मुंबईचे पाव्हणे पण एवढे फसत न्हाईत."

लेन्स फुलपाखरापासून जेमतेम वीतभर. "मान वर. नवरीकडचे जरा सरका." मग मामा डोळे मिटतात, फ्लॅश उडतो, आणि मिटल्या डोळ्यांनीच ते विचारतात, "हललं का?" जो कोणी हजर असेल त्यानं उत्तर द्यायचं. "हललं" ऐकलं की मामा डोळे उघडतात. काढलेला फोटो बघतसुद्धा नाहीत. सोबत कोणी नसेल तर कॅमेऱ्याला हात लावत नाहीत.

मी खाडीतल्या भरावाविरुद्ध पत्रकं वाटत फिरते. पत्रकासाठी फोटो मागायला गेले आणि पहिल्याच फ्लॅशला माझं डोकं फिरलं.

"मामा, हा छळ आहे. तुमच्या तोंडावर कोणी कंटेनरचा हेडलाइट मारला तर?"

"हललं का, ते सांग."

"हलणारच. घाबरलं ते."

"बेस," मामा म्हणाले. चेहऱ्यावर असं समाधान, जणू मी बक्षीस दिलं.

"फ्लॅश बंद करा, नाहीतर पुढच्या पत्रकात तुमचं नाव छापीन."

"छाप की. फोटो मातर डोळे उघडे असलेला टाक. मिळाला तर मला पण एक दे."

पत्रक मी खरंच लिहिलं. मथळा होता, 'जाळीआडचा अत्याचार'. माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल छापायचं नाही हा आमचा नियम, म्हणून आधी मामांनाच वाचून दाखवायला गेले. कढीपत्त्यावरच्या अळ्या न्याहाळत त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बरोबर लिवलंस," ते म्हणाले. "पण फ्लॅश न्हाय सुटायचा बाय."

"का?"

"लग्नं काय, चार महिने. बाकीचं वरीस पोलिसांचं काम. हायवेला अपघात झाला की हवालदार न्यायला यायचा. जवळून घ्या म्हणायचा, तोंड वळखू आलं पायजे. मी डोळे मिटून बटण दाबायचो. आणि दर टायमाला वाटायचं, एवढा उजेड पडलाय, आता हा माणूस हलंल. मी इचारायचो, हललं का? हवालदार चांगला माणूस. न्हाय असं कधी बोलला न्हाय. म्हणायचा, मामा, चहा घ्या."

मी पत्रक घडी करून पिशवीत टाकलं. फ्लॅश चूकच आहे, हे माझं मत बदललेलं नाही. दर रविवारी जाऊन ते मी मामांना ऐकवते. त्यांनी दुधाची पिशवी कापून फ्लॅशवर बांधली आहे, उजेड मऊ पडतो म्हणून. आणि दिवसाला एकच फोटो, एवढं माझं ऐकलं.

गेल्या रविवारी लिंबाच्या पानावर एक म्हातारं फुलपाखरू होतं. रंग उडालेला, पंखांच्या कडा चिंध्या झालेल्या.

"मान वर, आजोबा," मामा म्हणाले. डोळे मिटले. फ्लॅश उडाला.

"हललं का?"

हललं नव्हतं. पाय पानाला तसेच चिकटलेले होते.

माझ्या एकाही पत्रकात आजवर एक शब्द खोटा छापलेला नाही, आणि त्याचा मला माज आहे. मामा कॅमेरा छातीशी धरून उभे होते. डोळे अजून मिटलेलेच होते.

"बाय?"

मी वाकले आणि पंखावर हळूच फुंकर घातली.

"हललं, मामा."

त्यांनी डोळे उघडले. पानाकडे बघितलं. मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"बेस," ते म्हणाले. "चल, चहा घे."