स्टॉप कोणाचाही असो

भैय्याजी कापगते यांना गाडी घसरवता येत नव्हती, आणि त्यामुळे रिसालीतल्या त्यांच्या घरात दोन दिवस मसाला वाटायला पाटा मिळत नव्हता.

पाटा टीव्हीसमोर होता. शिलाई मशीनच्या टेबलाला स्टिअरिंग आवळून बसवलं होतं. खाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची पाटी होती. पाय दाबला की ती फरशीवरून सरकत भिंतीकडे जायची, म्हणून तिच्यामागे पाटा लावला होता. पाटा आणि टेबल सोडून बाकी सगळं सामान प्रितमचं. प्रितम म्हणजे वैशाली नगरात राहणारा, मोनाचा शाळेपासूनचा मित्र. दोघं मिळून गाड्यांचा एक ऑनलाइन गेम खेळत. टायर तापला तर त्याची पकड बदलते, इतका तो खऱ्यासारखा. त्यात वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवायची आणि तशीच आडवी पुढे न्यायची. त्याला ड्रिफ्ट म्हणतात. रविवारी जोड्यांची स्पर्धा होती. पुढची गाडी प्रितमची, तिला चिकटून मागची मोनाची. पण दीडशेच्या वेगाने गाडी आडवी घालणारा हा बहाद्दर बुधवारी स्टँडवर उभ्या असलेल्या स्कूटीवरून पडला आणि मनगटाला प्लॅस्टर बांधून बसला.

"पुढची गाडी चालवाले कोनी तर पायजे, बाबा," मोना म्हणाली. "तुमी बसता का?"

भैय्याजी ताबडतोब बसले. त्यांना गेमचं वेड होतं असं मुळीच नाही. मोना पुण्याला नोकरीला लागून चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत बापलेकीचं फोनवरचं बोलणं "जेवली का?", "हो, तुमी?", "हो, आईले देतो" याच्या पुढे कधी सरकलं नव्हतं. सुटीला आलेली पोरगी सोमवारी परत जाणार होती. चार वर्षांत पहिल्यांदा तिने बापाकडे काही मागितलं होतं. तिने सांगितलं असतं तर ते त्या खुर्चीवर शीर्षासनही करून बसले असते.

अडचण हाताची होती. भैय्याजींनी पोलादाच्या प्लांटमध्ये चौतीस वर्षं क्रेन चालवली. उकळत्या लोखंडाचं भलंमोठं भांडं साखळदंडाला लटकवून शेडच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचं, आणि नेताना ते डुलू द्यायचं नाही. भांडं ज्या बाजूला झोका घेईल, त्याच बाजूला क्रेन हळूच सरकवली की झोका मरतो. झोका मारण्यात भैय्याजींचा हात धरणारा कोणी नव्हता. आता गेममधली गाडी वळणावर मागून बाहेर निसटली रे निसटली, की त्यांचे हात आपोआप तिचा झोका मारत आणि गाडी एखाद्या सोज्वळ सुनेसारखी सरळ रेषेत चालू लागे.

"बाबा, झोका मारू नका न! तो ठेवाचा आहे!" मोना ओरडत होती. "हँडब्रेक खींचो, स्टिअरिंग उलटं, गॅस छोडना नहीं!"

"ठेवाचा कसा? डुलली का खालचा मानूस जाते न!"

"खाली कोनी नाई, बाबा! गेम आहे!"

"हो का," म्हणून भैय्याजींनी पुन्हा गाडी सरळ केली.

शुक्रवारी संध्याकाळी मोनाची आई, प्रेमलाबाई, पाटा मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. मोनाचा घसा बसला होता. भैय्याजींच्या कपाळावर घाम होता.

"अवं मोना, बोंबलून काय होते?" त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं त्या कॅबिनात यायले कोनाचं ऐकू आलं? हे कानानं नाई, डोयानं काम करतात. सरक."

हे मात्र खरं होतं. क्रेनच्या कॅबिनपर्यंत खालचा शब्द पोचत नाही. खाली उभा असलेला माणूस हाताने खुणा करतो. बोट वर करून फिरवलं की 'उचल'. बोट खाली करून फिरवलं की 'सोड'. पंजा दाखवला की 'स्टॉप'. उचल आणि सोड फक्त नेमलेल्या माणसाचं ऐकायचं. स्टॉप मात्र कोणाचाही असो, कोणासाठीही असो, आधी थांबायचं आणि मग विचारायचं. ही भाषा घरातही मुरली होती. ताटावर बसून भैय्याजी बोट खाली फिरवत आणि प्रेमलाबाई वरण सोडत; पंजा दिसला की डाव वर. मोना लहान असताना तीही असंच वरण मागायची. पुढे मोठी झाली, तिला ते गावंढळ वाटायला लागलं, आणि ती तोंडाने "बस" म्हणू लागली.

प्रेमलाबाई टीव्हीच्या बाजूला पदर खोचून उभ्या राहिल्या. वळण आलं. त्यांनी बोट वर करून फिरवलं, भैय्याजींनी गॅस दिला. मागचा भाग बाहेर गेला, बोट फिरतच राहिलं, आणि झोका मारायला निघालेले हात अर्ध्यावर अडले. गाडी धूर काढत आडवीच्या आडवी अख्खं वळण पार करून गेली.

"बाबाऽऽ!" मोनाने त्यांच्या गळ्यात हात टाकले.

भैय्याजी रिटायर झाले त्या दिवशीच्या सत्कारातही त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

शनिवारी दिवसभर सराव झाला. पाटा अर्थातच अडकलेला. म्हणून रविवारच्या पाटवडीच्या रश्शाचा मसाला प्रेमलाबाईंनी शेजारच्या सिंधुताईंकडे वाटायला दिला.

रविवारी अकरा वाजता स्पर्धा सुरू झाली. भैय्याजी स्टिअरिंगवर, शेजारी मोना लॅपटॉप घेऊन कानाला हेडफोन लावलेली, टीव्हीजवळ प्रेमलाबाई. कापगते बापलेकीची जोडी पहिलं वळण झकास गेली. दुसरंही. मोनाची गाडी बापाच्या दाराला चिकटून आडवी येत होती. "हे तिसरं काढलं का आपण फायनलमध्ये, बाबा!" ती पुटपुटली.

तिसऱ्या वळणावर गाडी पुरती आडवी असताना दार ढकलून सिंधुताई आत आल्या. हातात वाटलेल्या मसाल्याची वाटी.

"वहिनी, हा असाच जाडा ठेवू का आनखीन बारीक करून—"

प्रेमलाबाईंचं उजवं बोट फिरतंच होतं. नजर टीव्हीवरून न हलवता त्यांनी डावा पंजा सिंधुताईंना दाखवला.

भैय्याजींना पंजा दिसला.

पुढचं त्यांच्या हातांनी केलं. एकशे वीसच्या वेगाने डुलणारी गाडी त्यांनी एका हिसक्यात सरळ केली, झोका मारला आणि रस्त्याच्या मधोमध उभी केली. जराही न हलता, नाकासमोर. पाठोपाठ मोनाची गाडी येऊन तिच्यावर आदळली, उलटली, आणि लॅपटॉपवर चाकं वर करून फिरत राहिली.

"ब्रेक कावून मारला, बाबा?"

"आईनं स्टॉप दाखवला."

"तो सिंधुताईले होता!"

"कोनालेबी असो," भैय्याजी हळूच म्हणाले. "स्टॉप दिसला का थांबाच लागते."

सिंधुताईंनी वाटी मशीनच्या टेबलावर ठेवली आणि आपलं काही चुकलं आहे एवढं ओळखून त्या निघून गेल्या.

मोना "जाऊ द्या" म्हणाली. ती चिडली असती तर भैय्याजींना सोसलं असतं. हे 'जाऊ द्या' त्यांना फार लागलं. दुपारी पाटवडीचा रस्सा झाला, मसाला जाडाच होता. भैय्याजींनी दुसऱ्यांदा रस्सा मागायला बोटही हलवलं नाही. सोमवारी दुर्ग स्टेशनवर जातानाही मोना मोबाइलमध्येच डोकं घालून होती. "आता पुन्हा 'जेवली का'," असं मनात म्हणत त्यांनी तिची बॅग एसी डब्यात ठेवली आणि खाली उतरले.

गाडी हलली. बंद काचेआड मोना काहीतरी बोलत होती, पण ऐकू येत नव्हतं. भैय्याजी डब्याबरोबर चालू लागले, मग भरभर, मग जवळजवळ पळायला लागले. मागून प्रेमलाबाई "अवो, पडसान!" म्हणून ओरडत होत्या.

मोनाने काचेवर पंजा टेकवला.

भैय्याजी जागच्या जागी थांबले. मागून येणारा एक प्रवासी त्यांच्यावर धडकून बडबडत निघून गेला.

डबा पुढे सरकताना मोनाने बोट वर केलं आणि गोल गोल फिरवलं. उचल. भैय्याजींना कळेना, काय उचलायचं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. बॅग तर डब्यात होती. तेवढ्यात खिशात फोन वाजतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो उचलला.

"बाबा, गेमच्या ग्रुपवर सगळे पूछ रहे हैं, ती गाडी झोका न खाता थांबवली कशी? म्हनतात, शिकवा आमाले. अन् प्रितमचं प्लॅस्टर महिनाभर निघत नाई. रविवारी अकराले बसाचं बरं का!"

"बसतो न," भैय्याजी म्हणाले. "पन सिग्नल तुयी आईच देईन."

"हो. फक्त दाराले कडी लावजा."

प्रेमलाबाई धापा टाकत येऊन पोचल्या आणि त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. भैय्याजींनी त्यांना पंजा दाखवला.