सूर्य कामाला असलेलं घर

"ज्या घरात सूर्य कामाला आहे, त्या घरची लाइट जात नाही!"

हे वाक्य युनिटबाईने शुक्रवारी संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावरून अख्ख्या गल्लीला ऐकवलं. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांना दोनदा ऐकवलं!

युनिटबाई म्हणजे नववीतली मुलगी. हे नाव तिच्या दादाने ठेवलेलं, कारण गेले तीन महिने ती घरात कुणाला सुखाने एक बटण दाबू देत नव्हती. जुने पंखे गेले, कमी वीज खाणारे आले. ट्रॅक्टरसारखा गुरगुरणारा फ्रिज गेला आणि पाच ताऱ्यांचा नवा आला. त्याच्या दारावरचं ताऱ्यांचं लेबल आई काढायला गेली, तर हिने तिचा हात वरच्या वर पकडला. "आई, खबरदार! तो आपल्या घराचा मान आहे!" मग बाबांच्या मागे भुणभुण लावून मागच्याच आठवड्यात गच्चीवर सोलारची सहा पॅनल बसवून घेतली, आणि जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट स्वतःच्या हाताने भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला.

"अगं, लाइट गेली तर?" आईने विचारलं होतं.

"आई! गच्चीवर अख्खा सूर्य बसवलाय आपण!"

सोलारवाला फिटर बिचारा शिडीवरून काहीतरी सांगू बघत होता. "ताई, एक गोष्ट लक्षात ठेवा. रस्त्यावरची लाइट गेली की तुमची..."

"माहितीये!"

"तसं नाही, गच्चीवरची जी..."

"माहितीये हो काका!"

हा तिचा लाडका शब्द. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की ती त्याला तिथेच उतरवून द्यायची. फिटरने सुस्कारा सोडला, माहितीपुस्तिका तिच्या हातात ठेवली आणि गेला.

तर त्या शुक्रवारी गल्लीत नोटीस लागली : उद्या दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते दुपारी चार वीज बंद. ती वाचून शेजारची टेलर मावशी पायरीवरच बसली. शनिवारी पाचला शाळेचं नाटक. त्यासाठी तेरा झगे हवे होते, बारा झाडांचे आणि एक सूर्याचा. (सूर्य कोण? विचारायलाच नको!) त्यातली चार झाडं तेवढी तयार होती. मावशीने मशीन बहिणीकडे न्यायला टेम्पो सांगून ठेवला.

"टेम्पो रद्द करा!" युनिटबाई कठड्यावरून ओरडली. "मशीन आमच्या हॉलमध्ये आणा!"

"नक्की ना गं? शाळेचं पहिलंच काम आहे माझं. वेळेत झालं तर मुख्याध्यापिकाबाई पुढच्या वर्षीचे गणवेश मला देणार आहेत. नाही झालं, तर संपलंच."

"मावशी, मी शब्द देते!"

मावशीने टेम्पो रद्द केला.

शनिवारी नऊलाच हॉलचं कारखान्यात रूपांतर झालं. कोपऱ्यात मावशीचं मशीन. त्याचा एक पाय डुगडुगत होता, म्हणून युनिटबाईने फिटरची पुस्तिका चौघडी करून त्याखाली सरकवली. "बघा, शेवटी कामाला आली!" समोरचे काका वायरचा ट्रिमर घेऊन हजर झाले. त्यांना बारा वाजता ऑफिसच्या जुन्या मंडळींना भेटायला जायचं होतं. "वीज तुमची, दाढी आमची," म्हणत ते आरशासमोर उभे राहिले.

दहा वाजले. गल्लीतले पंखे बंद पडले. युनिटबाईने हात पसरून जादूगारासारखं घरातल्या पंख्याकडे बोट दाखवलं.

पंखा एकदा फिरला. दोनदा फिरला. आणि दमलेल्या म्हाताऱ्यासारखा थांबला!

मशीन पाचव्या झाडाच्या बाहीत अडकलं. ट्रिमर काकांच्या हनुवटीवर मुका झाला. काकांचा उजवा गाल विमानतळासारखा साफ, डावा जसाच्या तसा!

"काय गं हे?" मावशी उठून उभी राहिली.

"एक मिनिट! ढग आला असेल!"

ढग? गच्चीवर पाय टेकवत नव्हता इतकं ऊन! सहाही पॅनल लखलखत होती आणि घरात मोबाइलसुद्धा चार्ज होत नव्हता. युनिटबाईच्या डोक्यात असा काही राग गेला की त्यावर दूध तापलं असतं. तिने फिटरला फोन लावला.

"तुम्ही आम्हाला फसवलंत! ऊन आहे, वीज नाही!"

"रस्त्यावरची लाइट गेलीये का?"

"हो!"

"मग बरोबर चालतंय."

"अहो, काय बरोबर चालतंय? बंद आहे सगळं!"

"बंद आहे तेच बरोबर आहे, ताई. मी त्या दिवशी शिडीवरून हेच..."

युनिटबाईने फोन आपटला. हा माणूस सरळ बोलणारच नाही! ती तरातरा रस्त्यावर गेली. मागे आई, आईमागे मावशी, मावशीमागे अर्ध्या दाढीचे काका, आणि सगळ्यांच्या मागे तमाशा बघायला दादा. कोपऱ्यावरच्या खांबावर लाइनमन चढला होता.

"ओ काका! लाइट लावा आधी!"

"अगं, खांबावर आहे मी!"

"तुमच्यामुळे आमचं सोलार बंद पडलंय! आमचा सूर्य, आमची गच्ची, तुमचा काय संबंध?"

लाइनमनने तिच्या गच्चीकडे पाहिलं. मग हातातल्या तारेकडे. मग तिच्याकडे.

"ते बंद पडलं नसतं, तर तुमच्या गच्चीवरची वीज या तारेत आली असती. आणि ही तार आत्ता माझ्या हातात आहे. रस्त्यावरची वीज गेली की ते आपोआप थांबतं. म्हणून तर मी संध्याकाळी घरी जातो, बाळ."

युनिटबाईचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. "माहितीये" त्यात कुठेच सापडेना.

"घरात साधी इन्व्हर्टरची बॅटरी असती तरी भागलं असतं," लाइनमन म्हणाला. "नाहीये का?"

"होती," मागून आई म्हणाली. फक्त एवढंच! पण असं म्हणाली की युनिटबाईला चार तास बोलणी खाल्ल्यासारखं वाटलं.

मावशी तर लालबुंद झाली होती. "टेम्पोवाला दुसरीकडे गेला! मशीनला मोटर लावताना पायडल काढून टाकलं मी! चाक हाताने फिरवायचं, तर कापड कोण धरणार? माझं डोकं?" बोलता बोलता ती थांबली. तिची नजर युनिटबाईच्या उजव्या हातावर गेली. "चल. तू फिरव."

"मी? चार वाजेपर्यंत?"

"शब्द कोणी दिला होता?"

मग सुरू झालं. मावशीने मोटरचा पट्टा काढला आणि युनिटबाईने चाक धरलं. पाचवं झाड संपता संपता तिला सूर्याचा राग आला, सहाव्याला फिटरचा, सातव्याला बारा झाडांचं नाटक लिहिणाऱ्या बाईंचा. एखादं झुडूप लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

"हळू! झाड शिवतोय आपण, वादळ नाही!" मावशी ओरडली. थोड्या वेळाने, "अगं, झोपलीस का?"

दादाने मशीनखालची पुस्तिका खेचली आणि मोठ्याने वाचू लागला. "पान तीन. ठळक अक्षरात. रस्त्यावरील वीजपुरवठा खंडित झाल्यास..."

मशीन डुगडुगलं, टाका वाकडा गेला. "ठेव ती परत!" दोघी एका सुरात ओरडल्या. काका खुर्ची भिंतीला लावून, डावा गाल लपवून मुकाट बटणं लावत बसले. त्यांनी भेट रद्द केली होती.

साडेतीनला शेवटचा, सूर्याचा पिवळाधमक झगा मशीनवरून उतरला. मावशीने दातांनी दोरा तोडला. "तेरा!" ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. युनिटबाईने घाईघाईने झगा चढवला. दादाने तिच्या पाठीवर जोरात थाप मारली. "शाब्बास!"

दादाने आयुष्यात पहिल्यांदा शाब्बास म्हटलं. तिथेच तिला संशय यायला हवा होता!

नाटक दणक्यात झालं. शेवटी मावळण्यासाठी सूर्याने प्रेक्षकांकडे पाठ केली आणि सभागृह हसून कोसळलं. काय ही दाद! युनिटबाई खूश होऊन आणखी दोनदा मावळली. आणखी टाळ्या! मुख्याध्यापिकाबाई तर डोळे पुसत विंगेत आल्या, आणि गणवेशांचं काम तिथल्या तिथे मावशीला देऊन टाकलं.

मग मावशीने सूर्याला वळवलं आणि पाठीवरून चर्रकन काहीतरी ओढून काढलं.

फ्रिजचं लेबल! पाच तारे. क्षमता : दोनशे पस्तीस लिटर.

"दिवसभर चाललं, एक युनिट खाल्लं नाही," दादा म्हणाला. "फक्त आवाज फार करतं."

युनिटबाईच्या नाकपुड्या फुगल्या. त्याला धपाटा घालायला तिने उजवा हात उगारला. दिवसभर चाक फिरवलेला तो हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच बंद पडला.