काठासकट

टकळीला वक्तृत्व स्पर्धेत नाव द्यायचं होतं आणि आज शेवटचा दिवस होता. टकळी हे अर्थात तिचं खरं नाव नव्हतं. पण तोंड दिवसभर चालू असल्यामुळे खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. स्पर्धा शोधली होती बाबांनी. आपल्या फ्रेमच्या दुकानातून आल्या आल्या त्यांनी फोन पुढे केला. "स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. बटण दाब, की झालं काम."

चित्रात एक माइक होता आणि त्याखाली लालभडक बटण: नाव नोंदवा. टकळीने दाबलं. काही नाही. बाबांनी लाकूड दाबून दाबून राठ झालेल्या अंगठ्याने दाबलं. माइक नुसता मोठा झाला. अंगठ्याचा डिंक आधी पुसा, असं आईने सुचवलं. पुसून दाबलं, तर माइक आणखी मोठा झाला.

"बाबा, हा बटणाचा फोटो आहे. वेबसाइटचा पत्ता कुठंय?"

"ते वरखाली गिचमीड होतं ते? कापलं. काठ स्वच्छ नसले तर चित्र उठून दिसतं का?"

टकळीने बाकीचे स्क्रीनशॉट पाहिले आणि मटकन खालीच बसली. सगळेच्या सगळे चारी बाजूंनी सुबक छाटलेले. तिने चित्रावरून शोधून पाहिलं, तर माइक विकणारं दुकान निघालं. दुकानदाराला फोन लावून तिने अथपासून इतिपर्यंत हकिगत ऐकवली. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्हाला माइकची गरज नाही."

"एवढी कापाकापी करतात," आई म्हणाली, "पण एक कपटा टाकतील तर शपथ. पोटमाळा भरलाय नुसता पट्ट्यांनी."

टकळी हसली आणि हसता हसता थांबली. फोनही कापलेलं टाकत नाही की. तिने चित्र उघडून 'मूळ चित्र परत आणा' दाबलं. काठ हजर. खाली वेबसाइटचा पत्ता होता. त्यावर बोट दाबून धरलं तशी वेबसाइट उघडली, आणि बाबांचा चहा निवायच्या आत नाव नोंदवून झालं.

मग ती जोशातच आली. सगळ्याच स्क्रीनशॉटच्या लिंक काढून देते, म्हणाली. एकेक काठ परत येऊ लागला, तसं वर बाबांनी शोधायला टाइप केलेलंही दिसू लागलं.

'मुलगी खूप बोलते काय करावे.'

टकळीने डोळे वटारले. पुढचा उघडला.

'खूप बोलणाऱ्या मुलीला शाबासकी कुठे मिळेल.'

'भाषणाआधी मुलीच्या घशाला काय द्यावे.'

'बाप पुढे बसला तर मुलगी स्टेजवर घाबरते का.'

घरात इतकं शांत झालं, की आई स्वयंपाकघरातून डोकावली. "काय गं, बरं वाटत नाही का?"

टकळीने शेवटचा स्क्रीनशॉट बाबांपुढे धरला. "हा फ्रेम करून द्या. काठासकट."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्या गिचमिडीसकट? वेडंवाकडं दिसेल गं."

"दिसू दे," टकळी म्हणाली. "आणि बसा पुढेच."