झरीचा ठिपका

पासवर्ड टाकायची वेळ आली की मन्मथअप्पा समोरच्याला भिंतीकडं तोंड करून उभं करतात. मग खांद्यावरचा पंचा कीबोर्डवर पसरतात, त्याखाली दोन्ही हात घालतात आणि खुडखुड करतात. परभणीतल्या आमच्या कॉलेजात त्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला नाही असा माणूस नाही. प्राचार्य राहिलेत, संस्थेचे सेक्रेटरी राहिलेत. मी इथला हेडक्लार्क, म्हणजे अप्पांच्या भाषेत बडेबाबू. मी तर इतक्या वेळा राहिलोय की भिंतीचे पोपडे मला तोंडपाठ आहेत.

अप्पा आमच्या सर्व्हरचे कारभारी. सर्व्हर म्हणजे मागच्या खोलीतलं कपाटाएवढं यंत्र, त्यात पोरांच्या प्रवेशापासून मार्कांपर्यंत सगळं साठवलेलं. त्या खोलीत एसी आहे. उन्हाळ्यात कोणी गारव्याला म्हणून डोकावलं की अप्पा विचारणार, "कामून आलात?"

"सहज."

"सहज कुनी येत नसतंय, बडेबाबू."

शक घेणं हीच आपली नोकरी, असं ते स्वतः सांगतात. फायरवॉल म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं. "फायरवॉल म्हंजी गावची वेस. येनाऱ्याला इचारायचं, कुनाकडं चाललास? सांगता आलं न्हाई की परत पाटवायचं." एकदा प्राचार्यांनी तीनदा पासवर्ड चुकवला, तर वेशीवरून त्यांनाच परत पाठवलं. 'मीच प्राचार्य आहे' असा सहीशिक्क्याचा अर्ज घेतला तेव्हा कुठं आत सोडलं. लायब्ररीच्या शेख मॅडमनी पेनड्राइव्ह लावला, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉम्प्युटरची भोकं मेणानं बुजवलेली. मॅडम चिडल्या, मी लावलाच नाही म्हणाल्या. अप्पा नुसतं म्हणाले, "लॉगमदी हाय." लॉग म्हणजे कोण कधी आलं, काय केलं, याची सर्व्हरनं आपणहून ठेवलेली डायरी. तिच्यापुढं अप्पा गळ्यातल्या चांदीच्या डबीतल्या महादेवाचीही साक्ष मानायचे नाहीत.

आता हा माणूस सगळ्या जगावर शक घेतो म्हटल्यावर आम्ही त्याच्यावर घेणार नाही तर काय! त्यात त्यांचं वागणं तसलं. दुपारी भरल्या ऑफिसात त्या खोलीतून एकदम पिपाणी वाजल्यासारखा आवाज यायचा. अप्पा हातातलं काम टाकून, खोलीला कुलूप ठोकून जिंतूर रोडला पळायचे आणि मिळेल त्या जीपला लटकायचे. दोन-तीन तासांनी परत.

"कुठं गेला होतात?"

"लाइन तपासायला."

कसली लाइन, ते विचारलं की तोंडाला कुलूप.

यंदा बाहेरून एक तपासनीस आला. त्यानं सर्व्हर उलटापालटा केला आणि सेक्रेटरींना सांगितलं, इथून दर मिनिटाला बाहेरच्या एका पत्त्यावर काहीतरी जातं. वेशीला चोरदरवाजा आहे, तो अप्पांनीच ठेवलाय, आणि त्याची कुठं नोंद नाही. सेक्रेटरींनी मला बोलावलं. "बडेबाबू, पोरांची माहिती विकायलाय का काय हा? छडा लावा. खरं निघालं तर उद्याच घरी बसवतो."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बारा वर्षं भिंत बघितली होती मी.

तडक खोलीत गेलो. "अप्पा, आज तुम्ही तोंड करा भिंतीकडं," म्हणालो. स्क्रीनवर कॉलेजातल्या कॉम्प्युटरांची नावं होती, प्रत्येकापुढं हिरवा ठिपका. ऑफिस, लायब्ररी, लॅब, आणि सगळ्यात खाली, झरी.

"हे झरी काय आहे? तुमच्या गावात आपली शाखा काढलीय का?"

अप्पांचा चेहरा उतरला. "पिंग हाय ती. ह्या यंत्रानं त्या यंत्राला इचारायचं, हायस का? त्यानं म्हनायचं, हाय. बास. दुसरं काय जात न्हाई."

"पण विचारताय कोणाला?"

तेवढ्यात झरीचा ठिपका लाल झाला आणि पिपाणी वाजली. अप्पा उठले ते थेट बाहेर. चप्पल खोलीत, पंचा खुर्चीवर, दाराला कुलूप नाही आणि स्क्रीन उघडी! मी मागं पळालो. रस्त्यावर एकही जीप नव्हती, अप्पा अनवाणी उभे राहून दिसेल त्या गाडीला हात करत होते. मी मोटरसायकल काढली. मदत म्हणून नाही, रंगेहाथ धरायला. "बसा," म्हणालो.

झरीत त्यांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत खाटेवर त्यांच्या पत्नी, महानंदाबाई. दोन वर्षांखाली लकव्यानं उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कॉलेजात कुणाला याचा पत्ता नव्हता. डाव्या हाताशी भिंतीवर एक बटण, बटणाला जोडलेली इंटरनेटची छोटी डबी. लाइट गेली तरी ती चालावी म्हणून खाली बॅटरी. बाईंना फोनवर बोलता येत नाही. मग काही लागलं की त्या बटण बंद करतात, डबी बंद पडते, सर्व्हरला उत्तर मिळत नाही, पिपाणी वाजते आणि अप्पा निघतात. सकाळ-संध्याकाळ शेजारीण येते, मधला सगळा वेळ बाई एकट्या.

अप्पांनी पाण्याचा तांब्या बघितला, गोळ्या बघितल्या, पाय चाचपले. "काय झालं? दुखायलंय का?" बाईंनी मान हलवली, नाही. डाव्या हातानं खाटेची कड थोपटली. अप्पा बसले.

"आसंच करती कदी कदी," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "झालेलं काय नसतंय. मानूस पाह्यजे वाटतंय तिला."

"मग?"

"मग बसतो घडीभर."

मला रागच आला. "अहो, एवढं सांगायला काय झालं होतं? नोकरी जायची पाळी आली तुमची!"

"सांगितलं की समद्यांना ठावं व्हतंय, बडेबाबू. दार उगडं, बाई एकटी, वरडाया येत न्हाई. कुनाकुनावर भरोसा ठिवायचा?"

इतकी वर्षं या माणसाच्या शंकांना हसलो, त्याची लाज वाटली.

अहवालात मी आहे तसं लिहिलं. एक प्रश्न जातो, एक उत्तर येतं, पोरांची माहिती जात नाही. तो प्रश्न कोणाच्या घरी जातो ते सेक्रेटरींना तोंडी सांगितलं, कागदावर घातलं नाही. त्यांनी अहवाल पुढं ओढला. मग खाली लिहिलं, 'जोडणी चालू ठेवावी,' आणि सही केली.

अप्पांनी तो कागद वाचला आणि परत दिला. ऑफिस सुटायच्या वेळेला माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बडेबाबू, ठिपका लाल झाला की सर्व्हर मोबाइलवर बी कळवतो. यादीत एकच नंबर हाय, माजा. उद्या मलाच काय झालं तर तिचं कुनाला कळायचं? तुमचा टाकू का?"

मी नंबर सांगितला. त्यांनी तो तीनदा म्हणवून घेतला. मग मला पार गेटपर्यंत पिटाळलं आणि आतून चाचणीचा निरोप सोडला. फोन वाजला. मी हात वर केला.

"तितंच थांबा," अप्पा खिडकीतून ओरडले. "आजून एकदा बगतो."