साठ उंडे आणि पंच्याण्णव टक्के

मुरुमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे कुलदीप सर तसे निरुपद्रवी गृहस्थ. पण यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या जेवणाला, लोहाऱ्याहून सासरे येणार म्हटल्यावर त्यांनी ठरवलं, की बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे, उंडे, आता अंदाजानं करायचे नाहीत. (अंदाज त्यांच्या आईचा, धुरपताबाईंचा. उरलेले उंडे मात्र सरांच्या डब्यात, आठवडाभर.)

स्टाफरूममध्ये सरांनी नऊ जणांना गाठून विचारलं, "येळवशीला किती उंडे खाता?" कुणी दोन म्हणालं, कुणी तीन, फार तर चार. सांगताना सगळे जरा लाजत होते, पण लाजण्याचा रकाना सरांच्या तक्त्यात नव्हता. सरासरी आली तीन. मग प्रमाण विचलन काढलं, नमुना लहान म्हणून टी-तक्ता बघितला, आणि संध्याकाळी चुलीपुढं निकाल जाहीर झाला.

"खरी सरासरी सव्वादोन ते पावणेचारच्या आत. पंच्याण्णव टक्के खात्री. माणशी चार धरले तरी पंधरा जणांना साठ बास."

"शंभर करते," आई म्हणाली.

"आई, हे गणित आहे."

बायको सोनाली एवढंच म्हणाली, "अहो, माझे आप्पा अर्धपोटी उठले, तर ते गणित तुम्हीच समजावा त्यांना."

साठच झाले.

शेतात पंगत बसली. सासरे बंडप्पा शांतपणे सहावा उंडा डाळी-पालेभाज्यांच्या दाट भज्जीत कुस्करत होते. (सरासरी सगळ्यांची मिळून असते, एकट्या बंडप्पांची नव्हे, हे सर वर्गात दरसाल सांगतात.) तेवढ्यात बांधावरून भागवत सर येताना दिसले, मागं बायको-पोरं. त्यांच्यामागं क्लार्क महारुद्र. मग बाकीचे सात. सरांचा अख्खा नमुना चालत आला होता.

"या की. इकडं कसं काय?" सरांनी चाचरत विचारलं.

"कसं काय म्हणजे? तुम्हीच आवतन दिलंत," भागवत सर बसत म्हणाले. "किती उंडे खाणार, असं आपल्याकडं उगंच कोण विचारतंय व्हय?"

"पण तुम्ही तर दोन म्हणाला होता."

"मग जेवू घालणाऱ्याच्या तोंडावर सात म्हणू का?"

सातच खाल्ले त्यांनी. टोपलीचा तळ दिसला. बंडप्पांनी रिकाम्या पत्रावळीकडं बघितलं, सोनालीनं सरांकडं बघितलं, आणि सर बांधाकडं बघत राहिले. लाजेनं जीव नकोसा झाला होता बिचाऱ्यांचा.

तेवढ्यात शेजारच्या शेतातून गुंडाप्पानं हाक दिली, "पावणं, हिकडं या. लई हायती उंडे."

बंडप्पा धोतर झटकत उठले. "चला जावईबापू. तुमी बी काय खाल्लं न्हाय."

खरंच होतं ते. सकाळपासून सर नुसते वाढत होते, पोटात कावळे ओरडत होते, आठ उंडे तरी सहज गेले असते.

"सर, किती वाढू?" गुंडाप्पानं विचारलं.

"दोन बास," सर म्हणाले.

गुंडाप्पानं मोजून दोन वाढले. "धुरपताकाकू सांगत होत्या, तुमच्यात आता मोजूनच खात्यात म्हणून," तो म्हणाला, आणि टोपली घेऊन बंडप्पांकडं गेला.