तिला आतच राहू दे

चतुराबाईच्या तेरवीचा बॅनर सकाळी तासाभरात होणार होता. दुपार झाली तरी जुनेदच्या कॉम्प्युटरवर नुसतं चक्र फिरत होतं.

सुरुवातीला बॅनरवर एकटी चतुराबाई होती. तिचा एकटीचा फोटो जन्मात कुणी काढला नव्हता. म्हणून जुनेदनं नातीच्या लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून काढलं. कशावर तरी हसत होती, तोंडावर पदर धरायचा राहून गेला होता. मग तिचा मुलगा हरीश म्हणाला, खाली शोकाकुल म्हणून घरच्यांचे फोटो टाक. घरचे आले तर भावकी रुसली. भावकी आली तर गावचे पुढारी अमृतराव म्हणाले, आमाला दुःख न्हाई का? त्यांचा फोटो लागला हे कळल्यावर विरोधी पार्टीच्या मोहनसिंगनं आपला गॉगलवाला पाठवला. एकेक फोटो दगडासारखा जड. पुसेगावात चतुराबाईसाठी खरं रडत होतं ते जुनेदचं मशीन.

आता एक अक्षर हलवलं तरी अख्खा बॅनर पडद्यावर पहिल्यापासून उमटायचा. वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं. आधी पदर यायचा, मग कुंकू, मग डोळे. हसू यायला लई वेळ लागायचा.

तिचा नवरा दगडोबा सकाळपासून स्टुलावर बसून तेच बघत होता. समोरचा चहा गार झाला होता.

"मामा, तकलीफ होऊन राहिली तुमाला," जुनेद म्हणाला. "थांबा, पळवतो याला."

"काहून पळवतो? येऊ दे तिला हळूच." दगडोबानं पडद्यावरची नजर काढली नाही. "शेतातून येताना रोज मागं राह्यची. मी आपला पुढून वरडायचो, पाय उचल, पाय उचल."

जुनेदनं माउसवरचा हात काढला. पण तेरवी उद्यावर आली होती, आणि छापायचं मशीन हिंगोलीत. हे सगळं काम तो व्हिडिओ बघून बघून शिकलेला. त्यातलाच एक उपाय त्याला आठवला. फोटो फाइलच्या आत ठेवायचेच नाहीत. बाजूला फोल्डरात ठेवायचे, फाइलमध्ये नुसती जागा धरायची. छापताना फोटो आपोआप येतात. एकेक शोकाकुल बाहेर गेला, त्याच्या जागी राखाडी चौकोन आला. मशीन हलकं झालं, पळायला लागलं. शेवटी त्यानं चतुराबाईवर बाण नेला.

दगडोबानं त्याचा हात धरला. "बाकीच्याला बाहेर ठिव. तिला आतच राहू दे."

राहू दिलं. फाइल भुर्रकन हिंगोलीला गेली. फोल्डर पुसेगावातच राहिलं.

सकाळी मंडपासमोर बॅनर बांधला. मधोमध चतुराबाई हसत होती. खाली ओळीनं राखाडी चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाखाली नाव. अमृतरावांनी आपला चौकोन जवळून बघितला, मग लांबून बघितला. मोहनसिंगचं समाधान एवढंच, की दोघांचे चौकोन सारखेच आले होते. जुनेदचं तोंड उतरलं. फोल्डर पाठवायचं मीच इसरलो, म्हणाला, आत्ता जाऊन दुसरा आणतो. हरीश दोरी सोडायला लागला.

"राहू दे," दगडोबा म्हणाला.

"अवो बाबा, लोकं नाराज होऊन राहिले. गावातलं कुणीच दिसत न्हाई याच्यावर."

"ती दिसून राहिली न."

हरीशनं दोरी परत बांधली.

जेवणं उरकली. माणसं पांगली. दगडोबा घराकडं निघाला, सवयीनं झपाझप. वळणावर थांबला आणि मागं बघितलं. वाऱ्यानं बॅनर दुमडला होता, हळूहळू उलगडत होता. आधी पदर दिसला, मग कुंकू.

"पाय उचल" ओठावर आलं होतं. बोलला नाही. हसू यायला वेळ होता, तोवर तो उभा राहिला.